तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाईंची जमीन किती होती?

गावाकडून फोन आला की कुणी ना कुणी हे विचारतंच. माझ्या सासूबाई अनिशिनाबे, बाहेरचे लोक ज्यांना ओजिब्वे म्हणतात त्यांच्यातल्या. सगळं आयुष्य अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशात गेलं. तिथल्या मूळ रहिवासी म्हटल्यावर आपल्या माणसांना वाटतं, शेकडो एकर असतील. आईंच्या नावावर (मी त्यांना आईच म्हणायचे) एक गुंठाही नव्हता.

१८६७ च्या तहाने तो प्रदेश त्यांच्या लोकांना मिळाला. पुढे १८८९ च्या कायद्याने तो माणशी वाटला गेला. आईंच्या आजोबांना तळ्याकाठचे ८० एकर आले. ही जमीन २५ वर्षं विकता येणार नव्हती. पण तिथल्या पाइनच्या लाकडावर व्यापाऱ्यांचा डोळा होता, आणि १९०६ मध्ये कायद्यात पळवाट आली: ‘मिश्र रक्ताच्या’ प्रौढांना ही बंदी नाही. पुढे कोण मिश्र ते ठरवायला मानववंशशास्त्रज्ञ आले. त्यांनी डोकी मोजली, छातीवर नखाने ओरखडा काढून कातडी किती लाल होते ते पाहिलं. ही ऐकीव गोष्ट नाही, याच्या नोंदी आहेत. तोवर ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं त्यांचे अंगठे कागदांवर उमटले होते, आणि जमीन गेली होती.

आईंनी मला जे शिकवलं ते तळ्यावर. ऑगस्ट सरता सरता मनोमिन पिकतो, दुकानात ज्याला वाइल्ड राइस म्हणतात तो. उथळ पाण्यात उभं असलेलं उंच गवतच ते. आधी पाण्यात चिमूटभर तंबाखू वाहायची, मग होडी आत घालायची. एकाने मागे उभं राहून लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटायची, दुसऱ्याने बसून सीडरच्या दोन हलक्या काठ्या चालवायच्या. एकीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरी वरून नुसती फिरवायची. ‘झोडू नकोस,’ आई म्हणायच्या, ‘पिकलेला दाणा आपणहून सुटतो. न सुटणारा पुढच्या खेपेचा.’ एका लोंबीतले दाणेसुद्धा एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच ताटव्यात पुन्हा जायचं असतं. बरेच दाणे होडीबाहेर पाण्यात पडतात आणि त्यातूनच पुढचं पीक येतं. त्या सांडलेल्या दाण्यांसाठी आईंना हळहळताना मी कधी पाहिलं नाही.

कुसळं कपड्यांत शिरतात, अंगभर खाजतं. घरी आल्यावर दाणे वाळवायचे, लोखंडी काहिलीत वल्ह्याने हलवत भाजायचे, तुडवून टरफलं सोडवायची आणि भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचे. पाखडणं मी माझ्या आजीकडून शिकून आले होते. तिथे आई काही सांगायच्या नाहीत, शेजारी बसून खुशीत बघत राहायच्या.

‘जमीन आपली नसते, आपण जमिनीचे असतो’ असली वाक्यं अशा बायकांच्या तोंडी घालायला लोकांना फार आवडतं. ऐकणाऱ्यालाही सोयीचं, कारण मग कुणी कुणाचं काय घेतलं हे विचारावं लागत नाही. आईंना मनोमिनबद्दल अपार माया होती, आणि गेलेली जमीन परत हवी होती. दोन्ही त्या एकाच दमात बोलत. वाटणीचा जुना कागद त्यांनी प्रत्येक नातवंडाला मोठ्याने वाचायला लावला.

२०१८ मध्ये व्हाइट अर्थच्या आदिवासी सरकारने मनोमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क दिले, त्यात स्वच्छ पाण्याचा हक्कही आहे. कायदा झाला म्हणून आई घरी बसल्या नाहीत. जूनमध्ये मनोमिनची पानं पाण्यावर आडवी तरंगत असतात आणि मुळांनी अजून नीट धरलेलं नसतं. मोटरबोटीच्या लाटांनी रोपं उपटून निघतात. आजोबांच्या ८० एकरांवर आता उन्हाळी बंगले आहेत, जवळपास प्रत्येकाची बोट. आई दर जूनला दारोदार जायच्या, बोट सावकाश चालवा म्हणून सांगायला. दार उघडलं की आधी आजोबांचं नाव आणि ही जमीन त्यांची होती हे सांगायच्या, मग मनोमिनकडे वळायच्या. बरेच जण ऐकून घेत. एकाने तोंडावर दार लावलं; पुढच्या वर्षी त्याच्याकडेही गेल्या.

आता ती फेरी मी आणि माझी नणंद मारतो. आधी आजोबांचं नाव, मग मनोमिन, हा क्रम आम्ही बदललेला नाही.