तुम्ही विचारलंत म्हणून: विपश्यना (शरीरातल्या संवेदना पाहण्याचं बौद्ध ध्यान) आणि दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या एकत्र चालतात का?

दोन प्रश्न सतत येतात. एक घरच्यांचा: "दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवलं तर यांची दारू सुटेल का?" दुसरा, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना; बारा पायऱ्या तिच्याच) मीटिंगला जाऊ लागलेल्यांचा: "आम्ही बौद्ध. बारा पायऱ्यांमध्ये तर देव आहे. मग आम्ही काय करायचं?" दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकत्रच लिहितो. ध्यान आणि पायऱ्या एकत्र उत्तम चालतात, पण एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं की दोन्ही फसतात. दारू थांबवायला आणि थांबलेली ठेवायला माणसं लागतात: डॉक्टर, मीटिंग, स्पॉन्सर (ए.ए.तला आपल्याला वाट दाखवणारा जुना सोबती). ध्यान शिकवतं ते ओढ वेळेत ओळखायला. म्हणून फोन करायच्या वेळी फोनच करायचा.

सुरुवात डॉक्टरांपासून. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर दोन-तीन दिवस थरथर, भास, ताप असं काहीही होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही एकदम तोडायच्या नसतात. त्यामुळे कालपर्यंत पिणाऱ्या माणसाला उचलून विपश्यना केंद्र असलेल्या इगतपुरीच्या गाडीत बसवणं धोक्याचं आहे. शिबिराच्या अर्जात व्यसन, औषधं, मानसिक आजार हे सगळं विचारलेलं असतं. तिथे खरं लिहा.

आता देवाचं. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देवांना न मानण्याचीही आहे आणि दारू न पिण्याचीही. पायऱ्या 1939 साली अमेरिकेत छापल्या गेल्या, ख्रिस्ती वळणाच्या माणसांनी लिहिल्या. पण देव "आम्हाला समजला तसा" ही मोकळीक त्यांनीच ठेवली. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीत आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवून स्वतःला तिच्या हाती सोपवायचं असतं. तिथे बौद्धाने त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांचा आसरा घ्यावा. 'संघं सरणं गच्छामि' म्हणताना समोर मीटिंगची खोली आणावी: आपल्याला एकट्याला जमलं नाही ते इथल्या माणसांना जमतंय, ही मोठी शक्ती पुरेशी आहे. अडचण सातव्या पायरीला येते, कारण तिथे दोष काढून टाकण्याची विनंती आहे आणि विनंती करायला कोणी नाही. तिथे ओढूनताणून अर्थ लावू नये. दोष मान्य करावा, त्याच्या उलट वागण्याची एक ठरावीक गोष्ट स्पॉन्सरला सांगावी आणि ती आठवडाभर करावी.

चौथ्या पायरीत स्वतःच्या वागण्याचा लेखाजोखा लिहायचा असतो. त्यात पंचशील (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा टाळण्याचे पाच नियम) फार कामाला येतं. वहीच्या पाच पानांवर पाच शीलं लिहा. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: काय केलं, कोणाला लागलं, त्याआधी शरीरात काय होत होतं, मग काय हवंसं वाटलं. तिसरा रकाना प्रतीत्यसमुत्पादातून, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं या बुद्धाच्या साखळीतून येतो: वेदनेतून (शरीरातल्या संवेदनेतून) तृष्णा, तृष्णेतून उपादान (धरून ठेवणं). पगाराच्या संध्याकाळी छातीत होणारी घालमेल, भांडणानंतर आवळलेला जबडा, अशा दहा-पंधरा नोंदी झाल्या की शरीरातल्या त्याच दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा दिसू लागतात. पुढे ओढ येईल तेव्हा आधी तिथेच बघायचं.

हे सगळं दुसऱ्या माणसाला सांगायची पाचवी पायरी ध्यान करणाऱ्यांना नकोशी वाटते. "मी पाहिलं, सोडून दिलं" म्हणतात. पण मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला सांगतात की, कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून बघ. काया-वाचेने वाईट घडलं असेल तर ते गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यांपाशी उघड कर. स्वतःला सतत तपासत चुका लगेच कबूल करायची दहावी पायरीही हेच मागते. (अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी मोजकी प्रवचनं सांगितली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे.)

आठवी-नववी पायरी, म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं, मंगल मैत्रीने (सर्वांचं भलं चिंतण्याच्या ध्यानाने) भागत नाही. बायकोच्या डब्यातून काढलेले पैसे परत द्यायचे. रक्कम मोठी असेल तर दर महिन्याचा हप्ता ठरवून. मैत्रीभावना त्याआधी दहा मिनिटं करावी, म्हणजे माफी मागताना तोंडातून सबबी येत नाहीत.

ध्यान ही अकरावी पायरी, पण त्यासाठी आधीच्या दहा संपण्याची वाट बघू नये. अंगातली दारू उतरून डॉक्टरांनी हो म्हटलं की सकाळी दहा मिनिटं आनापान: नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर श्वासाचा स्पर्श. आणखी दहा मिनिटं संध्याकाळी, प्यायला बसायच्या जुन्या वेळेच्या अर्धा तास आधी. पहिले तीन महिने याहून वाढवू नका. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असा ए.ए.त सल्ला देतात. गावात रोज मीटिंग नसेल तर त्या दिवशी स्पॉन्सरला फोन.

समजा, संध्याकाळी सातला बारवरून जाताना तोंडाला पाणी सुटलं. आधी तिथून निघा. दुकानासमोर उभं राहून साक्षीभाव नको. फोन लावा, उचलला नाही तर मेसेज टाका, दुसऱ्याला लावा. पोट रिकामं असेल तर खा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांपैकी कोणीतरी बहुधा सोबत असतंच. मग डोळे अर्धवट उघडे ठेवून बसा आणि बघा: ओढ घशात आहे, जिभेवर, तळहातात की पोटात? गरम आहे की कोरडी? दाबते की फडफडते? जागा बदलते का? "एकच पेग" या विचाराशी वाद घालू नका, घशातल्या कोरडेपणाकडे परत या. बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ती ओसरते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी ओढ अशी बघण्यावरच आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 286 जणांवरच्या चाचणीत वर्षअखेरीस हा कार्यक्रम केलेल्या गटाचे नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी भरले. मात्र ही माणसं सुरुवातीचे उपचार पूर्ण करून आलेली होती, हे लक्षात ठेवा.

बिघडतं कुठे? श्वास आवळून ओढ दाबली जाते. ते निरीक्षण नव्हे, रात्री ती दुपटीने येते. अंगात सुखद लहरी आल्या की माणूस त्यांच्याच मागे लागतो. ही विपश्यना शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी सांगत की, व्यसन वस्तूचं नसतं, शरीरातल्या संवेदनेचं असतं. या लहरींनाही ते तितकंच लागू आहे. कोणी उपेक्षेच्या (बौद्ध अर्थाने समतोल मनाच्या) नावाखाली घरात बोलणंच सोडतो. जुना मार, अत्याचार डोळ्यांसमोर येऊ लागले तर बसणं थांबवा, डोळे उघडे ठेवून चाला आणि समुपदेशकाला सांगा.

मोठं शिबिर वर्षभर सोबर राहिल्यावर करावं, असं माझं ठाम मत आहे. पहाटे चारची घंटा, रोज दहा तासांच्या आसपास ध्यान, मौन. फोन नाही, मीटिंग नाही, स्पॉन्सर नाही. डॉक्टरांची औषधं चालूच ठेवायची. जाण्याआधी स्पॉन्सरला तारखा द्या आणि परतीच्या दिवसाची मीटिंग आधीच ठरवा, कारण आता आपण बरे झालो असं सर्वांत जास्त त्याच संध्याकाळी वाटतं. त्या दहा दिवसांत घरच्यांनीही अल-अनॉनची (दारुड्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाची) मीटिंग गाठावी. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं नवऱ्याच्या ध्यानात सापडत नाहीत.

आणि स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलं गेलंच, तर त्याच रात्री फोन करा. सलग काही दिवस प्यायलं गेलं असेल तर पुन्हा डॉक्टर, स्वतःहून एकदम बंद करणं नाही. शुद्धीवर असाल त्या सकाळी पंचशील नव्याने घ्या, नेहमीची दहा मिनिटं बसा आणि त्या दिवसाच्या मीटिंगमध्ये हात वर करून दारू थांबवल्याची नवी तारीख सांगा.