पांढऱ्या ठिपक्यांचा इलाज: माझा अनुभव

माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे दिसले की दुकानदार निळ्या औषधाची, म्हणजे मिथिलीन ब्ल्यूची, बाटली काढून देतो. चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसतं, औषध बंद होतं, आणि आठवड्याभरात ठिपके दुपटीने परत येतात. बहुतेक टँक इथेच हातचे जातात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. ते पिकून गळून पडलेले असतात, आणि खरा धोका त्यानंतर सुरू होतो.

हा रोग करणारा जीव एकपेशीय आहे, नाव इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस. त्यावरूनच या रोगाला इच म्हणतात. आपल्याला दिसणारा दाणा माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसलेला असतो आणि मोठा झाला तर 1 मिलिमीटरपर्यंत जातो. तिथे त्याच्यापर्यंत ना मीठ पोहोचतं ना औषध. वाढ पूर्ण झाली की तो मासा सोडतो, खडीवर, काचेवर किंवा झाडाच्या पानावर चिकटतो, स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो आणि आत विभागत जातो. 25 अंशांना साधारण दिवसभरात त्या एकातून काहीशे पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. आपला घाव बसतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून औषध पाण्यात सलग राहिलं पाहिजे. शेवटचा दाणा गळून त्याची शेवटची पिल्लं बाहेर येईपर्यंत. हे चक्र 24-26 अंशांना तीन ते सात दिवसांत पुरं होतं, पाणी थंड असेल तर कित्येक आठवडे रेंगाळतं. पुण्या-नाशिकला डिसेंबरात हीटर नसलेल्या टँकचं पाणी रात्री 18-20 अंशांवर येतं, तिथे पाच दिवसांच्या औषधाने काही होत नाही ते याचसाठी.

औषधाला हात लावण्याआधी ठिपके कसले आहेत ते मी टॉर्च तिरका धरून बघतो. इचचे दाणे सुटे, साधारण एकाच मापाचे, अंग आणि पर दोन्हींवर विखुरलेले असतात. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर ओळीत पांढरे दाणे आले असतील तर तो विणीच्या हंगामाचा भाग आहे, त्याला इलाज नको. अतिबारीक पिवळसर-सोनेरी थर दिसला तर तो वेल्व्हेट, वेगळा रोग. उलट काही वेळा इच फक्त कल्ल्यांत असतो. अंगावर एकही ठिपका नाही, पण मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, खडीवर अंग घासतात. नवा मासा आणल्यानंतर असं दिसलं तर मी ठिपक्यांची वाट बघत नाही, पण आधी अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष, मोजतो. कारण अमोनिया वाढला तरी लक्षणं तीच असतात.

मग पाण्याचं माप. 60 × 30 × 30 सेंटिमीटरचा टँक कागदावर 54 लिटरचा. पण वरची रिकामी जागा आणि खडी वजा जाता पाणी भरतं सुमारे 45 लिटर. डोस नेहमी या आकड्यावर. फिल्टरमधला कार्बन काढून टाकतो, नाहीतर तो औषध शोषून घेतो. स्पंज मात्र तसाच ठेवतो, आणि या दिवसांत नळाच्या पाण्याने धूत नाही.

माझा पहिला इलाज जाडं मीठ आणि उष्णता. लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे या टँकला 90 ग्रॅम. ते एकदम ओतायचं नाही. 30 ग्रॅमचे तीन हिस्से, प्रत्येक हिस्सा टँकच्याच मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, बारा-बारा तासांनी. आयोडीनयुक्त मीठ चालत नाही हा समज फार पसरलेला आहे. किलोमागे 15 मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर 2 ग्रॅम मिठातून लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम जातं, त्याने मासा मरत नाही. तरी जाडं मीठ स्वस्त आणि त्यात गुठळ्या न होण्यासाठी घातलेली पावडर नसते, म्हणून तेच.

उष्णतेसाठी एवढ्या टँकला 100 वॅटचा हीटर पुरतो. तापमान बारा तासांत 1 अंश असं चढवत 30 वर नेतो. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात वेगळा थर्मामीटर लावा. 30 अंशांना चक्र वेगाने फिरतं आणि परजीवीची वाढ बिघडते. पण त्याचे काही वाण एवढी उष्णता सोसतात, म्हणून नुसत्या हीटरवर मी विसंबत नाही. दुसरी बाजू ऑक्सिजनची: 25 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 7.5. कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला हा फरक महागात पडतो. एअर पंप चोवीस तास चालूच हवा, आणि जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा पंप आधी आणून ठेवावा. अंग स्वच्छ होत आलेले मासे रात्रीत मेले की लोक मिठाला दोष देतात. बरेचदा कारण बंद पडलेली हवा असते.

पहिले दोन-तीन दिवस ठिपके वाढतात. आधीच कातडीत शिरलेले, डोळ्यांना न दिसणारे परजीवी उष्णतेने भराभर मोठे होतात, एवढंच. धीर सुटतो तो इथे. मीठ आहेच, त्यात निळं औषध, दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलं म्हणून आणखी एक बाटली. मिथिलीन ब्ल्यूने फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्याचा विषारी भाग जास्त. शेवटी मासा इचने न मरता इलाजाने मरतो.

एक दिवसाआड खडीत सायफन घालून तळ ओढायचा आणि 30 टक्के पाणी बदलायचं. खडीवरची कवचं जितकी बाहेर जातील तितकी पिल्लं कमी. 13 लिटर काढलं तर नव्या पाण्यात 26 ग्रॅम मीठ घालायचं. उरलेल्या पाण्यातलं मीठ कुठे जात नाही, म्हणून पुन्हा 90 ग्रॅम टाकू नये. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतकंच कोमट हवं. मी बादलीत गीझरचं पाणी मिसळून थर्मामीटरने बघतो. 30 अंशांच्या टँकमध्ये 20 अंशांचं पाणी ओतणं म्हणजे आजाराला आमंत्रण. खाणं निम्म्यावर.

सगळ्या माशांना हे एकसारखं सोसत नाही. मॉली, गप्पी यांना मिठाचं वावडं नाही. कोरीडोरस, लोच असे तळाशी राहणारे मासे असले तर लिटरला 1 ग्रॅमवर थांबतो आणि भर उष्णतेवर देतो. गोल्डफिशला मी 30 वर नेत नाही. 25-26 अंश, मीठ लिटरला 3 ग्रॅमपर्यंत, आणि मुदत तीन आठवडे. झाडांचा टँक असेल तर सगळे मासे बिनखडीच्या टबात हलवून तिथे इलाज करणं बरं. मूळ टँक मासे नसताना 28-30 अंशांवर आठवडाभर तसाच चालू ठेवला की परजीवी उपाशी मरतो. मात्र एकही मासा मागे ठेवायचा नाही, तळाशी लपलेला बॉटम क्लीनरसुद्धा.

मीठ आणि उष्णतेला पाच-सहा दिवसांत दाद मिळाली नाही, किंवा कल्ले फार बिघडलेले असतील, तरच फॉर्मलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. 37 टक्क्यांचं फॉर्मलिन 45 लिटरला 1.1 मिलिलिटर, सिरिंजने मोजून. एक दिवसाआड तीन डोस, मधल्या दिवशी निम्मं पाणी बदल. ते पाण्यातला ऑक्सिजन खातं, म्हणून हवा जोरात. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती वापरू नका, तो जास्त विषारी असतो. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. मॅलकाइट ग्रीन असलेलं तयार औषध मिळतं, तेही काम करतं. टँकचा दिवा बंद ठेवायचा, कारण उजेडात ते विघटन पावतं. खवले नसलेल्या माशांना निम्मा डोस. हातावर घेऊ नका, आणि खाण्यासाठी पाळलेल्या माशांना कधीच नाही. तांब्याच्या औषधांनी गोगलगायी आणि कोळंबी मरतात. त्या असलेल्या टँकमध्ये मी ती वापरत नाही.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला की तिथून आणखी सात दिवस मोजायचे. एकूण कोर्स दोन आठवड्यांहून कमी कधी होत नाही. मग मीठ वेगळं काढावं लागत नाही, नेहमीच्या पाणीबदलांत बिनमिठाचं पाणी घालत गेलं की उतरतं. तापमान मात्र दिवसाला 1 अंशानेच खाली.

बऱ्या झालेल्या माशांत काही काळ प्रतिकारशक्ती राहते, पण कल्ल्यांत थोडा परजीवी टिकून राहू शकतो. जुने मासे ठणठणीत आणि नव्यालाच ठिपके, असं झालं तर दर वेळी दुकानाला बोल लावू नये. नवा मासा मी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवतो, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतत नाही, नवी झाडं आठवडाभर बिनमाशांच्या बादलीत ठेवतो. आणि जाळी प्रत्येक टँकची वेगळी. एकच असेल तर ती पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या टँकमध्ये जात नाही.