क्रेटमधलं रडणं

आज परत तोच प्रश्न: कुत्र्याचं ८ आठवड्यांचं पिल्लू रात्री क्रेटमध्ये (त्याला झोपवायच्या जाळीच्या पिंजऱ्यात) रडतं, काय करू? आधी क्रेट हॉलमधून उचलून पलंगाशेजारी आणा. कालपर्यंत भावंडांच्या उबेत झोपणारं पिल्लू एकटं पडलं की रडणारच. आत उभं राहून वळता येईल एवढीच जागा हवी. जास्त असली की एका कोपऱ्यात शू, दुसऱ्यात झोप. मोठ्या क्रेटला मध्ये पार्टिशन घाला. गळ्यातला पट्टा काढा, जाळीत अडकतो. या वयात शू फार तर ३ तास धरवते, म्हणून ते रडायच्या आधीच गजर लावून उठा. बाहेर न्या, शू झाली की परत आत. मोठा दिवा नको, खेळ तर नकोच, नाहीतर रात्री २ वाजता रोज मैफल! आणि शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडलंत, तर दार उघडलेलं दिसताच ते सोफ्याखाली पळेल. उकाड्यात क्रेटवर जाड चादरही नको.