पुटचार आणि आमच्या मॅडम

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा समितीचा मेसेज आला तेव्हा स्नेहसंमेलन, मैदान, प्रार्थना असं सगळंच लिहायचं मनात होतं, पण लिहायला बसले आणि डोळ्यासमोर फक्त कॉम्प्युटर लॅब आणि मॅडमच, त्यामुळे बाकीच्या सरांनी आणि बाईंनी राग मानू नये. नाव लिहीत नाही, लॅबवाल्या मॅडम म्हटलं की कोण ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं.

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मॅडमनी सुरुवात आख्खं वाक्य छापणाऱ्या प्रिंटएफने केलीच नाही. आधी पुटचार ही कमांड. एका वेळी एक अक्षर पाठवायचं, बस्स. दुसऱ्या तुकडीत पहिल्याच तासाला आख्खं वाक्य छापून झालं होतं म्हणून आमच्या वर्गात कुरकुर चालायची, पण मॅडमचं ठाम मत की एक अक्षर निघून कुठे कुठे जातं हे समजलं की वाक्याचं वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा लॅबमध्ये नुकतीच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आली होती. मॅडमनी एक छोटा प्रोग्राम दिला, लूपमध्ये पुटचारने एक टिंब छापायचं, एक सेकंद थांबायचं, असं दहा वेळा. सगळ्यांना वाटलं टिंबं एकेक करून उमटणार, तर दहा सेकंद स्क्रीन कोरीच आणि प्रोग्राम संपता संपता दहाही टिंबं एकदम! मशीन हँग झालं असं मागून कुणीतरी म्हणालं. मॅडमनी उत्तर दिलं नाही, चार जणांना पुढे बोलावलं. एकजण प्रोग्राम, एकीच्या हातात खडूचा रिकामा डबा म्हणजे ती बफर, अक्षरं बाहेर जाण्याआधी साठतात ती जागा, आणि एकजण फळ्यापाशी, तो स्क्रीन. प्रोग्रामने चिठ्ठ्या डब्यात टाकत राहायचं, आणि नवीन ओळीची म्हणजे बॅकस्लॅश एनची चिठ्ठी आली, डबा भरला, प्रोग्राम नीट संपला किंवा कुणी एफफ्लश म्हणून ओरडलं, तरच डबा फळ्याकडे रिकामा करायचा. चौथा मुलगा स्टँडर्ड एरर, म्हणजे चुकांच्या मेसेजची वेगळी वाट, त्याला डबाच नाही, चिठ्ठी आली की थेट फळ्यावर. सगळं रंगात आलं असताना मॅडम म्हणाल्या, "आता प्रोग्राम क्रॅश झाला, तू खाली बस." डब्यात राहिलेल्या चिठ्ठ्यांचं काय असं त्यांनी विचारलं, कुणालाच सांगता येईना, तेव्हा त्यांनी सरळ तो डबा कचऱ्याच्या टोपलीत उलटा केला.

मी आज सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि तो डबा मला आजही उपयोगी पडतो. मागे आमचा एक प्रोग्राम मध्येच मरायचा, लॉग फाइलमधली, म्हणजे प्रोग्राम आपली नोंद लिहितो त्या फाइलमधली, शेवटची ओळ बघून सगळी टीम एका फंक्शनच्या मागे लागली होती. मी म्हटलं शेवटची ओळ शेवटची नाहीच आहे. आउटपुट स्क्रीनवर जात असतं तेव्हा सहसा ओळ संपली की बफर रिकामा होतो, पण तेच फाइलमध्ये वळवलं की बफर भरेपर्यंत अक्षरं आतच थांबतात, क्रॅश झाला की गेली. ते मेसेज स्टँडर्ड एररवर टाकले आणि खरी जागा त्याच संध्याकाळी सापडली, टीममध्ये फार कौतुक झालं, ते सगळं मॅडमचं आहे.

फाइलमध्ये एक अक्षर लिहिणाऱ्या एफपुटसीने काय परत दिलं ते तपासलं नसेल तर मॅडम जर्नलवर सही करायच्या नाहीत. ती 'चार' (एका बाइटचा अक्षराचा प्रकार) का नाही, 'इंट' (पूर्णांक) का परत देते हे त्यांनी इतकं छान सांगितलं होतं! बाइटच्या ० ते २५५ या सगळ्या किमती खऱ्या अक्षरांच्या असू शकतात, मग लिहिणं फसलं हे सांगायला त्यांच्या बाहेरचा आकडा पाहिजे, म्हणून ईओएफ, म्हणजे फसलं हे सांगणारी किंमत, निगेटिव्ह. आणि फाइल बंद करणारं एफक्लोज पण तपासायचं, कारण डिस्क भरलेली असली तरी एफपुटसी बरेचदा ठीक आहे असंच सांगते, तिच्यापुरतं अक्षर बफरमध्ये पोचलेलं असतं, बोंब कळते ती बफर रिकामा होताना.

आता शाळेत सी शिकवत नाहीत असं समजलं. नव्या भाषा चांगल्याच आहेत, मी स्वतः रोज वापरते, पण प्रिंट लिहिलं की उमटलं एवढंच मुलांना माहीत राहिलं तर मला मनापासून वाईट वाटतं. बफर त्या भाषांमध्ये पण असतोच ना.

मॅडम, तुम्हाला दाखवायचं राहिलेलं एक इथेच लिहिते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पुटचार एका वेळी एकच बाइट पाठवतं, त्यामुळे २२४, १६४ आणि १७४ असे तीन पुटचार ओळीने दिले की टर्मिनलवर मराठी 'म' येतो. शेवटी बॅकस्लॅश एन पण टाका. कार्यक्रमाला लॅब उघडी ठेवणार असाल तर मी लॅपटॉप घेऊन लवकरच येते.