मायनरचा गंधार

दुपारी खिडकी लावून घेऊन पियानोवर ए मायनर ही पाश्चात्य स्वरमालिका घोळवत बसलो होतो, तेव्हा उजव्या हाताच्या अनामिकेकडे लक्ष गेले. पांढरी सहापासून, म्हणजे इथल्या षड्जापासून, निघावे, तीन स्वर झाले की अंगठा तळहाताखालून सरकवून चौथ्या स्वरावर ठेवावा, येथवर सारा कारभार पांढऱ्या पट्ट्यांवर निमूट चालतो. मायनरच्या तीन प्रकारांपैकी हार्मोनिक असेल तर पुढे कोमल धैवतावर मधले बोट टेकते आणि अनामिकेला तीन अर्धस्वरांचे अंतर ओलांडून काळी चार गाठावी लागते. हाताच्या पाठीवर अनामिकेची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे ती एकटीने उठायला नेहमीच कुरकुरते, आणि मधल्या बोटापासून फाकून काळी पट्टी गाठायची म्हटले की अधिकच. तरी नेमके हेच काम तिच्या वाट्याला आलेले आहे.

मायनर म्हणजे दुःखाचे स्वर, असे सर्रास म्हटले जाते आणि त्याचे खापर कोमल गंधारावर फोडले जाते. सराव करणाऱ्याला मात्र गंधाराचा काहीच त्रास नसतो. नॅचरल घ्या, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर, किंवा हार्मोनिक घ्या, जो आपण किरवाणी म्हणून ओळखतो, किंवा मेलॉडिक घ्या. गंधार तिन्हींत तोच, तिथेच, तसाच. सगळी उलथापालथ वरच्या मजल्यावर, धैवत आणि निषाद या दोघांची. षड्जाला जाऊन भिडायची घाई निषादाला होते म्हणून तो अर्धा स्वर वर सरकतो; तो सरकला की धैवताशी त्याची फारकत होते; ती फारकत गाणाऱ्या गळ्याला अवघड जाते म्हणून मेलॉडिकमध्ये धैवतालाही वर ओढून घ्यायचे. एकाच्या हौसेपायी दुसऱ्याची बदली व्हावी, तसला हा प्रकार.

लहानपणी मेलॉडिक मायनर शिकताना मला चीड यायची ती उतरण्याची. वर जाताना काळी तीन आणि काळी चार अशा दोन पट्ट्या आठवणीने पकडायच्या, आणि वरच्या षड्जाला स्पर्श होतो न होतो तोच त्या सोडून देऊन पांढऱ्या पट्ट्यांवरून खाली यायचे. लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचे वजन बाई दांड्यावर पार वर सरकवून ठेवीत. त्याने लय इतकी संथ होई की दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत शंका काढायला भरपूर फुरसत मिळे. "बाई, उतरताना ते स्वर परत कोमल का करायचे?" असे मी एकदा विचारले. हातातल्या पेन्सिलीने माझे मनगट जरासे वर उचलत त्या म्हणाल्या, "आधी वाजव, मग विचार." वाजवून झाल्यावर विचारायचे राहून गेले. षड्ज सोडून निघालेल्या निषादाला ताठ राहण्याचे कारण उरत नाही, हे पुढे कधीतरी आपसूक उमगले. पण त्या वयात कुणी समजावून सांगितले असते, तरी बोटांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

गंधार जागचा हलतो तो रचनांमध्ये. जर्मन संगीतकार बाखने 1722 साली बारा मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या, आणि बारा मायनर अशा चोवीसही स्वरपट्ट्यांमध्ये प्रिल्यूड आणि फ्यूग या प्रकारांतल्या रचना करून वही सिद्ध केली. त्यातल्या मायनरमधल्या कितीतरी रचना अखेरच्या स्वरसंगतीत एकाएकी शुद्ध गंधार घेऊन थांबतात. सारा वेळ गप्प बसलेल्या माणसाने उठता उठता एकच वाक्य बोलावे आणि बैठकीचा रंग पालटावा, असे ते ऐकताना वाटते. सरावाच्या स्केलला ही सवलत नाही. ते षड्जावरून निघते, षड्जावर येते आणि लगेच पुन्हा वर चढायला लागते.

म्हणून मी एक खोड लावून घेतली आहे. ए मायनर घोटून झाला की घरात कुणी ऐकत नाही असे पाहून पांढरी सहा, काळी एक आणि पांढरी तीन एकत्र दाबतो आणि पेडलवर पाय ठेवून तो शुद्ध गंधार पार विझेपर्यंत ऐकत राहतो. याला सराव म्हणत नाहीत, याची मला कल्पना आहे.

त्यानंतर डावा हात उरतो. त्याचे रडगाणे अगदीच वेगळे: तिथे पंचमावर अंगठा येतो आणि त्या अंगठ्यावरून मधले बोट पलीकडे टाकावे लागते, तेही नेमके कोमल धैवतावर.