सालमपंजाची बहीण

सालमपंजा या औषधी ऑर्किडची मुळं मी आधी पाहिली, फूल पाहायला चाळीस वर्षं गेली. सासूबाईंच्या औषधाच्या डब्यात ती पंजासारखी वाळकी मुळं असायची. मागच्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या भाचीने तिच्या परसातल्या मार्श ऑर्किडचा, म्हणजे दलदलीतल्या ऑर्किडचा फोटो पाठवला. ठिपक्याठिपक्यांची जांभळी फुलं, कणसासारखा भरगच्च तुरा. नाव डॅक्टिलोऱ्हायझा, म्हणजे बोटांसारखी मुळं. अगं, ही तर आपल्या सालमपंजाची बहीण! तो हिमालयातला, ही तिकडच्या ओल्या कुरणांतली.

मला ती लगेच हवीच झाली. भाची हसली. "मावशी, हिवाळ्यात पानं जातात आणि कंद थंड मातीत झोपतो. तुझ्या गच्चीवर मे महिन्यात तो उकडून निघेल." खरंच होतं. नाशकातली थंडी कितीही मिरवली तरी मेमध्ये पारा चाळिशी गाठतोच.

मग गंगापूर रोडच्या नर्सरीतून ग्राउंड ऑर्किड आणलं, स्पॅथोग्लॉटिस. नारळाच्या रोपासारखी उभ्या चुण्यांची पानं, जांभळी फुलं. पण डोक्यात दलदल बसलेली! बिनभोकाच्या टबात लावून पाणी काठोकाठ भरलं. पंधरा दिवसांत बुडखा सडक्या बटाट्यासारखा मऊ झाला, वासही तसाच. भाचीकडे जमीन ओली असते, पण पाणी मातीतून सरकत राहतं, मुळांना हवा मिळते. मी डबकं केलं होतं.

दुसऱ्या खेपेला टबाच्या बाजूला, तळापासून चार बोटांवर भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर कोकोपीट, जाड वाळू, पालापाचोळ्याचं खत. बुडखा अर्धा वर ठेवला. रोप धरलं, आणि मग पानांची टोकं करपायला लागली. हे म्हणाले ऊन. मला आठवडाभराने उमगलं: पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मी काटकसर म्हणून त्या रोपालाच घालत होते. त्यात सगळे क्षार साठलेले! तेव्हापासून पावसाचं पाणी पिंपात धरते.

एक कबुली देऊनच टाकते. कॉलेजात असताना ब्रह्मगिरीच्या वाटेवरून पांढऱ्या फुलांची आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, मातीसकट उपटून आणली होती. महिनाभरात गेली. आणि तिच्या जागी दुसरी उगवणंही सोपं नाही: जमिनीतल्या आमरीचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतल्या बुरशीने भरवलं तरच ते रुजतं. आता त्र्यंबकला गेले की नुसती वाकून बघते.

या श्रावणात टबात पाच दांडे आले. बाजूचा एक फुटवा शेजारच्या काकूंना काढून दिला, पाण्याचं सगळं समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "आमच्या आरओचं पाणी फुकट जातं गं, तेच घालीन."

मी फुटवा त्यांच्या हातातून परत घेतला.