जुलाब थांबले, आजार थांबला नव्हता

आज सकाळी धाकट्या भावाला घेऊन गंगापूर रोडवरील पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो होतो. गेल्या पावसाळ्यात त्याला जुलाब लागले, आठवड्याभरात थांबले आणि आम्ही निर्धास्त झालो. परंतु दोन महिन्यांनी शौचातून रक्त पडू लागले, वजन उतरले, तेव्हाही घरात ‘मूळव्याध असेल’ असेच आम्ही म्हणत राहिलो, याची मला मनापासून खंत वाटते. दुर्बिणीच्या तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ दाह होऊन व्रण पडण्याचा आजार, निघाला.

त्या जुलाबांचा याच्याशी संबंध आहे का, असे मी विचारले. एका रुग्णाबाबत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र डेन्मार्कमध्ये १९९१ ते २००३ या काळात साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झालेल्या सुमारे १३,००० जणांचा अभ्यास झाला, त्यात आतड्याच्या दाहाच्या आजाराचे (अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्यातलाच एक) प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट आढळले. संसर्गानंतरचे पहिले वर्ष वगळले, तरी ते सुमारे दुप्पट होते. जुलाबांमुळे तपासण्या होऊन आधीचाच आजार उघडकीस येतो, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. संसर्गाने आतड्याचे अस्तर दुबळे होते, तेथील जिवाणूंचा समतोल ढळतो आणि आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांमध्ये प्रतिकारशक्तीचा भडका जंतू गेल्यावरही शमत नाही, असे मानले जाते. संसर्ग झालेल्या बहुतेकांना मात्र हा आजार कधीच होत नाही.

भावाला मेसालामाइन हे आतड्याचा दाह कमी करणारे औषध सुरू झाले आहे. पुढच्या भेटीपूर्वी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी (आतड्यात दाह किती आहे हे दाखवणारी) करून घ्यायची आहे.